बोळकांडी आणि बैठक

लोणारमधल्या कॉलेजचा वार्षिकांक म्हटला की त्यात सरोवरावर दोन-तीन लेख असायचेच. आकाशातून आलेल्या एका पाषाणाने काही क्षणांत सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर कसे पाडले, ही हकीकत आपण पहिलीपासून ऐकत आलो आहोत. मी त्या विवराबद्दल लिहिणार नाही. आमच्या घरातली साडेचार इंच जाडीची भिंत पाडायला आम्हाला दोन वर्षे लागली, त्याबद्दल लिहिणार आहे. लेखाचा विषय सांगितला तेव्हा मराठीचे सर हसले आणि म्हणाले, "लिही, पण निष्कर्ष काढ." निष्कर्ष निघाला आहे की नाही हे वाचकांनीच ठरवावे.

आमचे घर धारेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला आहे. समोरून पाहिले तर जेमतेम तेरा फूट रुंद. पुढचे दार उघडले की पाहुणा बैठकीत येत नसे. आधी बोळकांडी लागे. साडेतीन फूट रुंद आणि बारा फूट लांब. उजव्या हाताला बैठकीचे दार, सरळ गेले की स्वयंपाकघर, त्याला लागून झोपायची खोली, त्यामागे न्हाणी आणि परसदार. बैठक नऊ फूट रुंद, बारा फूट लांब. सगळे घर मिळून सव्वातीनशे चौरस फूट भरेल. पंतप्रधान आवास योजनेतल्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २०१६ पासून २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट धरलेले आहे. त्या मापाने आम्ही सुखवस्तूच म्हणायचे! या सव्वातीनशे फुटांत आजी, आई, बाबा, दादा, ताई आणि मी अशी सहा माणसे राहतो.

भिंत पाडण्याची कल्पना बाबांची. छत्रपती संभाजीनगरला काकांनी फ्लॅट घेतला, त्याच्या वास्तुशांतीला आम्ही गेलो होतो. दार उघडले की एकदम हॉल. हॉलमध्ये उभे राहिले की एका नजरेत सगळे दिसते. बाबा परत आले ते डोक्यात तो हॉल घेऊनच. त्यातून ताईचे लग्न ठरवायचे होते. पाहायला येणारी मंडळी आठ-दहा असतात, आणि आमच्या बैठकीत दिवाण, टेबल आणि आजीची खाट ठेवल्यावर चार माणसे बसली तरी गुडघ्याला गुडघा लागे. "बेचाळीस चौरस फूट जागा नुसती येण्याजाण्यात वाया चालली आहे," असे बाबा टेप हातात घेऊन सांगत. शिंप्याचा धंदा असल्यामुळे टेप त्यांच्या गळ्यात असतोच, आणि कापड वाया जाणे त्यांना कधीच खपत नाही. बोळकांडी त्यांच्या दृष्टीने चिंध्यांतली.

मिस्त्री आले. त्यांनी भिंतीवर हाताच्या मुठीने दोन-तीन ठिकाणी ठोकले, वर स्लॅबला जिथे भिंत टेकते तिथली पोपडी खरवडून पाहिली आणि सांगितले, "भाऊ, हे भिंत स्लॅब पडल्यावर चढवलेली हाय. हिच्यावर काही बोजा नाही. पाडा बिनधास्त." इथे एक सूचना करून ठेवते, कारण हा लेख वाचून कोणी घरी घण उचलू नये. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरात मधली भिंत ही नुसती आडोशाची नसते. वरच्या मातीचा, सऱ्यांचा आणि तुळईचा भार तिच्यावर असतो. ती पाडायची तर आधी खाली खांब आणि वर दुसरी तुळई द्यावी लागते. विटांच्या घरातही नऊ इंची भिंत दिसली तर विचारल्याशिवाय हात लावू नये. आमची भिंत साडेचार इंची होती, म्हणून प्रश्न सोपा होता. निदान मिस्त्रींना तरी तसे वाटले.

आई तेव्हा बोळकांडीतच बसली होती. सूप मांडीवर, समोर गव्हाची परात. ती वर न पाहता म्हणाली, "पाडा न. पण मंग म्या कुठं बसाव?"

बाबा हसले. "अवं, आता तर सगळा हॉलच तुझा!" आईने पुढे काही उत्तर दिले नाही. पण त्या दिवसापासून दर वेळी काहीतरी निघे: आधी आजीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊ द्या, पावसाळा जाऊ द्या, नवरात्रात कमळजा देवीच्या दर्शनाला पाहुणे येतील ते कुठे झोपतील, सिमेंट महाग आहे. अशी दोन वर्षे गेली. आई बदलाला घाबरते, अशी आमची सगळ्यांची समजूत झाली. माझीही झाली. मी तर बाबांच्या बाजूची होते. मैत्रिणी घरी आल्या की त्या अंधाऱ्या बोळातून त्यांना न्यायची मला लाज वाटे.

आईचा प्रश्न मला कळला तो या लेखासाठी घराचा नकाशा काढायला बसले तेव्हा. वहीच्या पानावर प्रत्येक खोली काढली आणि आत ती कोणाची ते लिहू लागले. बैठक: बाबा, दादा, येणारेजाणारे पुरुष, रात्री आजी. झोपायची खोली: रात्री आम्ही बाकीचे सगळे, दिवसा गाद्यांचा ढीग. स्वयंपाकघर: आई, ताई. पण स्वयंपाकघरात माणूस काम करतो, बसत नाही. मग आई बसते कुठे? आणि उत्तर माझ्या पेन्सिलीखालीच होते. दुपारी तीनच्या सुमारास भांडी झाली की आई बोळकांडीत पाट घेई, भिंतीला पाठ टेकवी आणि पुढचे दार अर्धे उघडे ठेवी. पलीकडच्या काकू उंबरठ्यावर येऊन टेकत. तिथून गॅसवरचे दूध दिसे, रस्त्यावरचा भाजीवाला दिसे, शाळेतून येणारी मुले दिसत. उन्हाळ्यात पारा बेचाळीसवर जातो तेव्हा पुढचे दार आणि परसदार एका रेषेत असल्यामुळे त्या बोळातून जी झुळूक वाहे ती बैठकीतल्या पंख्यालाही जमत नसे. गहू निवडणे, पापड वाळत घालायच्या आधीची चर्चा, काकूंच्या सुनेचे बाळंतपण, बचत गटाचे हप्ते, माझ्या फीचा हिशेब, हे सगळे तिथे होई. बाबा ज्या जागेला वाया गेलेली म्हणत होते ती आमच्या आईची बैठक होती. तिच्यावर तसे लिहिलेले नव्हते, एवढेच.

मी स्वतः त्या जागेचे मीठ खाल्ले आहे. २०२० च्या जूनमध्ये, सरोवराचे पाणी गुलाबी झाले म्हणून सगळ्या देशाच्या वर्तमानपत्रांत लोणारचे नाव आले, त्याच दिवसांत मी दहावीत गेले. शाळा बंद, बाबांचे दुकान बंद, दादा घरी, सगळे पुरुष दिवसभर बैठकीत. मी मोबाइल घेऊन बोळकांडीत बसे आणि आईच्या पाटाशेजारी बीजगणित शिकत असे. पुढे २०२१ साली मंडळाने परीक्षाच रद्द केली, ती गोष्ट वेगळी. पण त्या वर्षी मला अभ्यासाला जागा होती, हे मी विसरायला नको होते.

आता जुन्या घरांबद्दल. अशा विषयावर लिहिताना पूर्वीचे सगळे कसे सोयीचे आणि सुंदर होते असा सूर लावण्याची रीत आहे. आमच्या आजोबांच्या गावाकडच्या घराला ढाळज होती. दगडी ओटा चढून दारातून आत आले की दोन्ही बाजूंना उंच बसायची जागा, घोंगडी अंथरलेली. मग अंगण, मग ओसरी, त्याच्या आत माजघर. ढाळजेचे वर्णन आजी अजून रंगवून करते: भजने व्हायची, पेरणीच्या गप्पा व्हायच्या, वाटसरू पाणी पिऊन जायचा. मी तिला एकदा विचारले, "आजी, तू कधी ढाळजेत बसलीस?" आजी म्हणाली, "बायामाणसं कुठं बसतेत ढाळजंत?" आणि आणखी खोदून विचारले तेव्हा तिने हेही सांगितले की गावातली काही माणसे ओट्याच्याही वर येत नसत. ती अंगणाबाहेर उभी राहत, आणि त्यांना पाणी द्यायचे ते वरून ओंजळीत ओतायचे. आजीने हे अगदी सहज सांगितले. मला मात्र पुढे काही विचारवले नाही.

म्हणजे ओटा, ढाळज, ओसरी, माजघर ही नुसती खोल्यांची नावे नव्हती. माणसाने कुठवर यायचे याच्या त्या पायऱ्या होत्या. जात पाहून थांबवायचे ठिकाण ठरत असे आणि बाईला आतल्या बाजूने तसेच थांबवले जात असे. सिंदखेडराजाला लखुजी जाधवांच्या वाड्याचे महाद्वार आपण सहलीत पाहिले आहे. तसल्या द्वारांच्या आत पहारेकऱ्यांना बसायला देवड्या असत. शेतकऱ्याच्या घराला पहारेकरी परवडत नव्हता. तिथे घराची रचनाच पहारा देई. त्या दृष्टीने पाहिले तर बाबांच्या हॉलचे मी स्वागतच केले पाहिजे. आज आमच्याकडे कोणीही आले तरी एकाच दारात चपला काढते आणि एकाच सोफ्यावर बसते. दादाचा जो मित्र आजोबांच्या काळी अंगणाबाहेर थांबवला गेला असता तो आज आमच्या घरात टीव्हीचा रिमोट हातात घेऊन लोळतो. हे भिंत पडल्यामुळे झाले असे नाही, त्यासाठी बाबासाहेबांना आणि त्यांच्यामागून चाललेल्या असंख्य माणसांना आयुष्ये वेचावी लागली. पण थांबवायची जागाच घरात उरली नाही, याचाही काही उपयोग होत असेल.

येण्याजाण्याची वेगळी जागा, ज्याला आपण आता पॅसेज म्हणतो, ती परदेशांतही काही आरंभापासून नव्हती. रॉबिन इव्हान्स नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १९७८ साली याच विषयावर एक निबंध लिहिला. त्यात त्याने दाखवले आहे की इंग्लंडमध्येही घरातली खोली दुसऱ्या खोलीत उघडत असे. माणसे एकमेकांच्या खोल्यांतूनच ये-जा करीत. सतराव्या शतकात श्रीमंतांच्या घरांत मधून जाणारा लांब पॅसेज आणि मागचा जिना आला. रॉजर प्रॅट या वास्तुकाराने त्या शतकाच्या मध्याला कोल्सहिल येथे बांधलेले घर हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. कारण काय? तर नोकरमाणसे कामाला जाताना-येताना मालकांच्या नजरेला पडू नयेत. हे वाचले तेव्हा मी मोबाइल खाली ठेवला. चहाचा ट्रे घेऊन आई बोळातून बैठकीच्या दारापर्यंत येते, दादाला हाक मारते आणि ट्रे त्याच्या हाती देऊन मागे वळते, हे दृश्य मी लहानपणापासून पाहिले आहे. कोल्सहिलचे घर १९५२ साली जळून गेले. त्याची रीत आमच्या बारा फुटांत कशी येऊन पोचली कोण जाणे!

पण त्या निबंधातला पॅसेज आणि आईची बोळकांडी पूर्णपणे एक नव्हेत. पॅसेज ही जाण्याची जागा. तिथे थांबायचे नसते. आपल्या माणसांनी मात्र जिथे जिथे अशी चिंचोळी जागा मिळाली तिथे बसून दाखवले आहे. मुंबईतल्या बीडीडी चाळी १९२० नंतरच्या दशकात बांधल्या गेल्या. एक-एक खोली १६० चौरस फुटांची, आणि दोन्ही बाजूंच्या खोल्यांच्या मधून लांबच लांब सामाईक व्हरांडा. त्या व्हरांड्यात मुलांनी अभ्यास केले, पाहुणे झोपले, भांडणे आणि बारशी झाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या काही कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. खोली तिप्पट झाली, आणि ती त्यांच्या हक्काचीच होती. व्हरांड्याचा हिशेब मात्र चौरस फुटांत कोणी केला असेल असे वाटत नाही.

असो. शेवटी गेल्या उन्हाळ्यात भिंत पडली. एक दिवस पाडायला आणि तीन दिवस धूळ पुसायला लागले. बैठकीच्या दाराची चौकट निघाली, तिथे खुणेला दोन विटांची कड राहिली तीही छिन्नीने काढली. संध्याकाळी घरात उजेड असा आला की आजीने "दिवा लावला का?" म्हणून विचारले. बाबांनी टेप लावला. भिंतीची स्वतःची साडेचार फूट जागा धरून एकूण दीडशे चौरस फुटांच्या वर हॉल! ते इतके खूश झाले की दुसऱ्याच दिवशी मेहकरहून तीन माणसांचा सोफा घेऊन आले.

आणि सोफा बसेना.

म्हणजे बसे, पण भिंत होती त्या रेषेच्या पलीकडे तो सरकवला की स्वयंपाकघरात जायला वाट राहत नसे. माणूस आडवा होऊन जाऊ शके, पाण्याची कळशी घेतलेला माणूस जाऊ शकत नसे. सोफा एक फूट मागे घेतला, मग दीड फूट, मग पूर्वी भिंत होती बरोबर तिथे येऊन तो थांबला. भिंत गेली तरी वाट राहिली. हे आम्हाला आधी कोणी सांगितले असते तर सोफा दोन माणसांचा घेतला असता. घराच्या पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत माणसे जाणार असतील तर तेवढी तीन फुटांची पट्टी रिकामी ठेवावीच लागते, मग तिच्या बाजूला वीट असो वा हवा. बेचाळीस चौरस फूट मिळाले ते कागदावर. खरे मिळाले ते उजेड, मोकळेपणा आणि दहा माणसे आली तर सतरंजी पसरायची सोय. हेही कमी नाही. पण बाबांनी ज्या हिशेबाने भिंत पाडली तो हिशेब चुकला होता.

त्या वाटेवरून दिवसभर कोण चालते? आई आणि ताई. पूर्वी त्या चालत तेव्हा मध्ये भिंत होती. आता बाबांचे स्नेही बसलेले असले की त्यांच्या समोरून जावे लागते. आईने तिसऱ्या दिवशी पदर डोक्यावर घेतला. तो ती पूर्वी फक्त बाहेरच घेई. आठव्या दिवशी तिने तार बांधून पडदा लावला, बाबांच्याच दुकानातल्या उरलेल्या कापडाचा, बरोबर भिंतीच्या जागी. बाबा चिडले. "मग भिंत कशाला पाडली?" हा त्यांचा प्रश्न अगदी बिनतोड होता, फक्त तो दोन वर्षे उशिरा आणि उलट्या बाजूने आला होता.

ताईला पाहायला मंडळी आली तेव्हा पडदा काढला होता. पूर्वी मुलगी बोळातून येई, बैठकीच्या दारात क्षणभर थांबून श्वास घेई आणि मग आत पाऊल टाकी. आता ताई स्वयंपाकघरात पोह्यांवर कोथिंबीर घालताना, पदर सावरताना, आईकडे घाबरून पाहताना सगळ्यांना सोफ्यावरून दिसत होती. नाटकात पात्राला विंगच ठेवली नाही तर कसे होईल, तसे. रात्री ताई म्हणाली, "मले अगोदरच पाहून झालं होतं त्यांचं." लग्न तिथे जुळले नाही. त्याचा दोष भिंतीला देण्यात अर्थ नाही. मुली दाखवण्याची ही पद्धत बंद व्हावी या मताची मी आहे आणि त्यावर वेगळा लेख लिहीन. पण आत येण्यापूर्वी श्वास घ्यायला दोन पावले जागा हवी, ही माणसाची साधी गरज आहे आणि तिला पडदा-पद्धत म्हणून हिणवणे बरोबर नाही.

दैत्यसूदनाच्या देवळात आपण सगळे गेलो आहोत. बाहेर डोळे दिपवणारे ऊन, आत पाऊल टाकले की काही दिसत नाही. थोडे थांबावे लागते. मग हळूहळू खांब दिसू लागतात, वरचे कोरीव काम दिसते, आणि शेवटी गाभाऱ्यातला देव. आपल्या जुन्या देवळांत सभामंडप आणि गाभारा यांच्या मध्ये एक लहानशी जागा असते. तिला अंतराळ म्हणतात. तिचा उपयोग काय असे कोणी विचारले तर येण्याजाण्यात वाया गेलेली जागा, असेच बाबा म्हणतील. जपानी लोक घराच्या दारात आत येताच जमीन एक पायरी खाली ठेवतात. तिला गेन्कान म्हणतात. जोडे त्या खालच्या भागात काढायचे आणि मग घरात चढायचे. जपान्यांची शहरातली घरे काही फार मोठी नसतात. तरी हा चौकोन ते सोडत नाहीत. काकांच्या फ्लॅटमध्ये तो सोडला नाही, म्हणून त्यांच्या मजल्यावरच्या चारही कुटुंबांच्या चपला जिन्यात असतात आणि त्यावरून सोसायटीच्या सभेत भांडण होते.

मग माझे मत काय? भिंत पाडू नये असे मी म्हणणार नाही. सव्वातीनशे फुटांच्या घरात अंधारा बोळ ठेवणे परवडत नाही, आणि थांबवण्यासाठी बांधलेल्या भिंतींबद्दल मला प्रेमही नाही. जे घरकुल बांधत आहेत त्यांनी तर बोळ काढूच नये. पण पुढचे दार भिंतीच्या मधोमध न ठेवता एका कडेला ठेवावे आणि मागचे दार त्याच्या समोर. म्हणजे वाट एका बाजूने निघून जाते, उरलेली खोली सलग राहते आणि झुळूकही मिळते. मधोमध दार ठेवले की वाट खोलीचे दोन तुकडे करते आणि मग कुठेच सतरंजी नीट पसरता येत नाही. आमच्यासारखी जुनी भिंत पाडणाऱ्यांनी ती सगळी पाडू नये. दारापाशी तीन फूट राहू द्यावी, पूर्ण उंचीची नव्हे, छातीइतकी. किंवा ती काढून तेवढ्यात विटांची जाळी भरावी. केरळात लॉरी बेकर यांनी आयुष्यभर कमी खर्चाची घरे बांधली. ते २००७ साली वारले. त्यांच्या घरांतल्या विटांच्या जाळ्या प्रसिद्ध आहेत: वारा जातो, उजेड येतो, बाहेरच्याला आतले सगळे दिसत नाही, आणि विटाही कमी लागतात. आपल्याकडच्या उन्हाळ्याला ही जाळी मिस्त्रींनी आपणहून सुचवायला हवी. आमच्या मिस्त्रींना मी ती मोबाइलवर दाखवली तेव्हा ते म्हणाले, "हे तर संडासाच्या खिडकीले लावतेत."

पण विटांचे काम नंतरचे. आधी नकाशा काढावा, आणि तो काढताना प्रत्येक खोलीत कोण बसते ते लिहावे. काय ठेवतात ते नव्हे, कोण बसते. आमच्या घरात सहा माणसांपैकी दोघांच्या मताने भिंत पडली. आईने प्रश्न विचारला होता. त्याला उत्तर म्हणून तिला सगळा हॉल दिला गेला, आणि सगळा हॉल मिळालेल्या माणसाला त्यात एक पाट टाकायलाही जागा राहिली नाही. 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' अशी आपल्याकडे म्हण आहे. बाईला हॉल दिला तर ती पाय पोटाशी घेते, अशी म्हण नाही. पण मी उन्हाळाभर ते पाहिले आहे. आई स्वयंपाकघराच्या उंबरठ्यात बसू लागली, पाठीला चौकटीची कड रुतत असताना. काकू आठ दिवस आल्याच नाहीत. "तुमच्या घरी आता बसाले अवघड वाटते," असे त्या रस्त्यात भेटल्यावर म्हणाल्या.

जाळीचे अजून ठरत नाही. मिस्त्रींनी मजुरीचा आकडा सांगितला आहे आणि बाबांनी तो दिवाळीपर्यंत पुढे ढकलला आहे. त्याआधी मी आणि ताईने एक केले: सोफा दादाच्या मदतीने फिरवून त्याचे तोंड रस्त्याच्या दाराकडे केले. तिथून गॅसवरचे दूध मान वळवली की दिसते आणि भाजीवालाही दिसतो. पडदा आईने अजून काढलेला नाही, पण दिवसा तो एका बाजूला सारलेला असतो.

परवा दुपारी मी कॉलेजातून आले तर आई सोफ्यावर बसून गहू निवडत होती आणि काकू तिच्या शेजारी पाय वर घेऊन बसल्या होत्या. तेवढ्यात बाबा दुकानातून जेवायला आले. आई उठू लागली. काकूंनी काही जागा सोडली नाही. परात दोघींच्या मांडीवर मिळून होती, म्हणून आईलाही उठता येईना. बाबा क्षणभर दारात उभे राहिले. मग त्यांनी चपला काढल्या, कडेच्या वाटेने स्वयंपाकघरात गेले आणि माठातले पाणी आपल्या हाताने घेऊन प्याले.